विश्लेषण : ना तंबू, ना स्लीपिंग बॅग, ना नकाशा... ६७ वर्षांच्या आजी ३३०० किलोमीटर कशा चालल्या? एमा गेटवूड यांची तयारी नेमकी काय होती?

लांब पल्ल्याच्या ट्रेकला निघायचे म्हटले, की आज पहिली चर्चा होते ती सामानाची. कोणती सॅक, कोणते बूट, किती वजनाचा तंबू, कोणते ॲप? मात्र ७० वर्षांपूर्वी अमेरिकेतील एक आजीबाई कॅनव्हासचे बूट घालून आणि हाताने शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून घराबाहेर पडल्या. १४६ दिवसांत त्या १४ राज्ये पायी ओलांडून गेल्या. त्यांना ११ मुले आणि २३ नातवंडे होती. निघताना त्यांनी मुलांना इतकेच सांगितले, की फिरून येते. या आजींचे नाव एमा गेटवूड. लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीच्या जगात ‘ग्रँडमा गेटवूड’ हे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांनी या प्रवासाची तयारी कशी केली, पहिल्या प्रयत्नात कुठे चुकले आणि वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांना घराबाहेर पडावेसे का वाटले, याविषयी...

ॲपलाचियन ट्रेल म्हणजे काय?

अमेरिकेच्या पूर्व भागात दक्षिणोत्तर पसरलेल्या ॲपलाचियन पर्वतरांगेतून जाणारी ही पायवाट आहे. बेंटन मॅके या नियोजनकाराने १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली. शहरांत राबणाऱ्या माणसांना डोंगरात मोकळा श्वास घेता यावा, हा त्यामागचा विचार होता. पुढे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून झाडी तोडली, खुणा रंगवल्या, निवारे बांधले आणि १९३७ मध्ये ही वाट सलग जोडली गेली.

एमा गेटवूड चालल्या तेव्हा या वाटेची लांबी सुमारे २०५० मैल, म्हणजे जवळपास ३३०० किलोमीटर होती. श्रीनगर ते कन्याकुमारी हा आपला महामार्ग यापेक्षा थोडाच लांब आहे. फरक एवढाच, की तिथे डांबरी रस्ता नाही. सतत चढ-उतार, दगड, चिखल, ओढे आणि दाट जंगल. वाटेचे उत्तर टोक मेन राज्यातील कटाडिन या शिखरावर आहे. त्याची उंची सुमारे १६०६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा किंचित कमी. दक्षिण टोक त्या काळी जॉर्जिया राज्यातील माउंट ओगलथॉर्प येथे होते.

ही संपूर्ण वाट एकाच हंगामात चालून जाणे शक्य नाही, असे अनेक जाणकारांना वाटत असे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अर्ल शॅफर यांनी १९४८ मध्ये १२४ दिवसांत ती पार करून हा समज खोडून काढला. त्यानंतरही सलग वाट पूर्ण करणारे मोजकेच होते.

एमा गेटवूड कोण होत्या?

एमा यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी ओहायो राज्यातील गॅलिया काउंटीत, एका शेतकरी कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव कॉल्डवेल. १५ भावंडांचे ते घर. एका खाटेवर चार-चार मुले झोपत. वडील अमेरिकी यादवी युद्धात लढलेले आणि जायबंदी होऊन परतलेले. त्यामुळे शेतातली आणि घरातली कामे मुलांच्या वाट्याला लहानपणीच आली. शाळा आठवीच्या पुढे गेली नाही. पण वाचनाची गोडी लागली ती कायमची. विश्वकोशापासून कवितांपर्यंत हाती पडेल ते त्या वाचत आणि स्वतःही कविता करत.

रानातली कोणती पाने खाता येतात, कोणती मुळी औषधी, कोणती विषारी, हे त्या परिसरातल्या बायकांना माहीत असायचे. एमा यांनाही ते ठाऊक होते. पुढे ट्रेलवर हे ज्ञान त्यांच्या फार उपयोगी पडले.

१९०७ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी त्यांचे लग्न पी. सी. गेटवूड यांच्याशी झाले. नवरा त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, शाळेत शिक्षक, शिकलेला आणि गावात मान असलेला. पुढे त्याने तंबाखूची शेती केली.

घरात नेमके काय घडत होते?

लग्नानंतर काही महिन्यांतच मारहाण सुरू झाली. ती पुढची तीसहून अधिक वर्षे थांबली नाही. या काळात एमा यांना ११ मुले झाली. शेतात तंबाखू कापणे, लाकडे फोडणे, साबण बनवणे, एवढ्या माणसांचा स्वयंपाक करणे, कपडे शिवणे हे सगळे त्या करत होत्या आणि मारही खात होत्या. बाळंतपणाच्या दिवसांतही त्यातून सुटका नव्हती.

घरात राहणे असह्य झाले, की त्या रानात निघून जात. झाडांमध्ये काही तास काढले की मन ताळ्यावर येई आणि मग त्या परतत. पुढे ज्या जंगलात एकट्या बाईने जाणे इतरांना धोक्याचे वाटले, तेच जंगल एमा यांच्यासाठी अनेक वर्षे घरापेक्षा सुरक्षित होते.

१९३७ मध्ये त्या नवऱ्याला सोडून कॅलिफोर्नियात नातेवाइकांकडे निघून गेल्या. पण धाकट्या मुलींना मागे ठेवावे लागले होते. मायेने ओढ घेतली आणि त्या परत आल्या. १९३९ मध्ये एका भांडणात त्यांनी नवऱ्यावर पिठाची पिशवी फेकली. त्यानंतर पोलिसांनी पकडले ते एमा यांनाच. त्यांचे दात तुटलेले होते, बरगडीला मार होता, चेहरा सुजलेला होता. तुरुंगात त्यांची अवस्था गावच्या महापौरांनी पाहिली आणि त्यांनीच एमा यांना आसरा दिला.

घटस्फोट मिळणे सोपे नसण्याचा तो काळ होता. तरीही एमा यांनी अर्ज केला आणि १९४१ मध्ये त्यांना घटस्फोट मिळाला. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनी मिळेल ते काम केले, धाकट्या मुलांना मोठे केले. एकेक करून मुले आपापल्या संसाराला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारायची गरज उरली नाही.

ट्रेलची कल्पना कुठून आली?

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या ऑगस्ट १९४९ च्या अंकात ॲपलाचियन ट्रेलवर सचित्र लेख होता. हा जुना अंक काही वर्षांनी एमा यांच्या हाती आला. लेखातील छायाचित्रे मोहक होती. वाट रुंद आणि नीट राखलेली आहे, खुणा स्पष्ट आहेत, एका दिवसाच्या अंतरावर निवारे आहेत, सामान्य प्रकृतीच्या माणसाला ती झेपेल, असा लेखाचा एकूण सूर होता.

ही वाट सलग पार करणारे सगळे पुरुष आहेत, हे एमा यांच्या मनात बसले. मग एखाद्या बाईने का करू नये, असा विचार त्यांनी केला. त्याआधी १९५२ मध्ये मिल्ड्रेड नॉर्मन या महिलेने एका सोबत्याबरोबर एका हंगामात संपूर्ण ट्रेल पायी पूर्ण केली होती. पुढे त्या ‘पीस पिलग्रिम’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. मात्र एकट्या महिलेने एका हंगामात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून जाणे बाकी होते.

पहिला प्रयत्न का फसला?

एमा यांची गोष्ट सांगताना अनेकदा १९५५ पासून सुरुवात केली जाते. खरे तर ती १९५४ मध्ये, अपयशाने सुरू झाली. त्या वर्षी जुलैमध्ये ६६ वर्षांच्या एमा थेट मेन राज्यात गेल्या आणि कटाडिनपासून दक्षिणेकडे निघाल्या.

त्यांचे पहिलेच गणित चुकले होते. ट्रेलचा मेनमधला भाग सर्वांत निर्जन आणि अवघड भागांपैकी एक मानला जातो. सवय होण्याआधीच सर्वांत कठीण पेपर सोडवायला घेतल्यासारखे ते होते. काही दिवसांतच त्यांची वाट चुकली. चष्मा फुटला. जवळचे खाणे संपत आले. चष्म्याशिवाय त्यांना नीट दिसत नव्हते आणि खुणा शोधण्यासाठी तर नजर हवीच. अखेर वनरक्षकांनी त्यांना गाठले आणि या वयात हे धाडस नको, घरी जा, असे समजावले.

त्या घरी परतल्या. झाल्या प्रकाराचा फारसा बभ्रा केला नाही. पण नेमके काय चुकले, हे त्यांनी पक्के लक्षात ठेवले.

दुसऱ्या वेळी कोणते बदल केले?

पहिला बदल दिशेचा. या वेळी त्यांनी दक्षिणेकडून, जॉर्जियातून सुरुवात करायचे ठरवले. दक्षिणेत वसंत लवकर येतो. मे महिन्यात तिथून निघाले, की उत्तरेकडे सरकताना उन्हाळा सोबत चालतो. वाटेत गावे आणि घरे अधिक लागतात. मेनचा खडतर भाग शेवटी येतो, तोवर पाय तयार झालेले असतात. अट एकच, हिवाळा लागण्याआधी कटाडिन गाठायचे. आजही ही संपूर्ण वाट चालणारे बहुतांश लोक याच कारणांसाठी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात.

दुसरा बदल शरीराच्या तयारीचा. १९५५ च्या हिवाळ्यात त्या ओहायोतील डेटन शहरात मुलाकडे राहत होत्या. तिथे त्यांनी घराभोवतीच्या रस्त्यांवर चालायला सुरुवात केली. आधी एक फेरी, मग थोडी मोठी. पाय भरून येईपर्यंत चालायचे आणि अंतर हळूहळू वाढवत न्यायचे. एप्रिल उजाडेपर्यंत त्या दिवसाला सुमारे १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर चालू लागल्या होत्या. व्यायामशाळा नाही, प्रशिक्षक नाही. शेजाऱ्यांना वाटले असेल, आजी पाय मोकळे करतात.

तिसरी तयारी पैशांची. एमा यांनी एका शुश्रूषागृहात नोकरी करून सामाजिक सुरक्षा योजनेतील किमान निवृत्तिवेतनाची पात्रता मिळवली होती. महिन्याला ५२ डॉलर. रक्कम मोठी नव्हती. पण ती त्यांची स्वतःची होती आणि दर महिन्याला येणार होती.

पिशवीत काय होते?

एमा यांनी डेनिमचे कापड आणून स्वतः एक पिशवी शिवली. तोंडाशी दोरी ओढून बंद होणारी, एका खांद्यावर टाकायची साधी झोळी म्हणा ना. सामान भरल्यावरही तिचे वजन साधारणपणे ९ किलोच्या आत राही. त्या काळी डोंगरात जाणारे लोक लोखंडी किंवा लाकडी चौकटीच्या जड सॅक, कॅनव्हासचे तंबू आणि चामड्याचे बूट वापरत. त्या तुलनेत हे सामान नगण्य होते.

त्यात काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

अंथरूण-पांघरूण : लष्करी वापराचे एक ब्लँकेट. स्लीपिंग बॅग नाही.

पावसासाठी : एक रेनकोट आणि न्हाणीघरात लावतात तसा प्लास्टिकचा पडदा. पाऊस आला की हाच पडदा अंगावर किंवा डोक्यावर. ओली जमीन असेल तर हाच खाली. एका वस्तूची अनेक कामे.

पायात : केड्स कंपनीचे कॅनव्हासचे बूट. ते हलके होते, भिजले तरी लवकर वाळत आणि कोणत्याही गावात नवे मिळत. पूर्ण प्रवासात असे सहा-सात जोड झिजले.

औषधपाणी : आयोडीन, चिकटपट्ट्या, छातीला चोळायचा बाम.

इतर : टॉर्च, चाकू, केसांच्या पिना, पेन आणि एक लहान वही. रोज कुठे पोहोचलो, काय खाल्ले, कुणी काय मदत केली, याच्या नोंदी त्या वहीत होत.

आणि एक चांगला ड्रेस व चपला. गावात कुणाच्या घरी जायची वेळ आली तर नीटनेटके दिसावे म्हणून. या यादीतली ही एकच वस्तू चालण्यासाठी नव्हती. पण ती निरुपयोगीही नव्हती. एकटी, धुळीने माखलेली वृद्ध बाई दारात उभी राहिली तर लोक भटकी समजून दार लावून घेत. तसे अनुभव त्यांना आलेही.

काय नव्हते? तंबू, होकायंत्र, नकाशा, जड भांडी. रंगवलेल्या खुणा पाहत जायचे आणि चुकलो तर विचारायचे, एवढीच त्यांची दिशादर्शनाची व्यवस्था होती.

खाण्याचे काय?

मनुके, शेंगदाणे, डबाबंद छोटे सॉसेज, दूध पावडर आणि सूपच्या वड्या. शिजवावे लागणार नाही, लवकर खराब होणार नाही आणि कमी वजनात जास्त ताकद देईल, असे पदार्थ त्यांनी निवडले होते. ते गावागावांतल्या किराणा दुकानांत मिळत. त्यामुळे अनेक आठवड्यांचा शिधा पाठीवर वाहण्याची गरज नव्हती. दोन गावांमधले अंतर कापता येईल एवढेच घ्यायचे.

बाकी रानातून मिळे. कोवळी पाने, रानकांदे, बेरीवर्गातली फळे, रानस्ट्रॉबेरी. वाटेत एखाद्या घरात बोलावणे आले, तर पोटभर जेवण होई. अर्थात रानातले खाण्यामागे आयुष्यभराची ओळख होती. पुस्तक पाहून किंवा अंदाजाने त्या काही तोंडात टाकत नव्हत्या.

प्रत्यक्ष वाट कशी निघाली?

३ मे १९५५ रोजी एमा यांनी माउंट ओगलथॉर्पवरून चालायला सुरुवात केली. मुलांना पत्ता नव्हता. आई कुठेतरी फिरायला गेली आहे, एवढेच त्यांना माहीत होते. नेमके काय चालले आहे, हे वाटेतून आलेल्या पत्रांमुळे आणि नंतर वर्तमानपत्रांतून कळले. आधी सांगितले असते तर कुणीतरी अडवलेच असते, हे त्यांना ठाऊक होते. आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या हुकमात गेल्यावर हा निर्णय त्यांना कुणाच्या परवानगीने घ्यायचा नव्हता.

मासिकातली वाट आणि पायाखालची वाट यांत मोठा फरक निघाला. युद्धकाळात अनेक भागांची देखभाल झाली नव्हती. कुठे झाडे आडवी पडलेली, कुठे खुणा पुसलेल्या, कुठे झुडपांनी वाट गिळलेली. काही निवारे मोडकळीस आलेले, तर काही जळून गेलेले. जिथे निवारा नसे तिथे त्या पानांच्या ढिगावर, सहलीच्या लाकडी बाकांवर किंवा कुणाच्या ओसरीत झोपत. थंडी जास्त असेल तर दगड विस्तवावर तापवून त्यावर अंथरूण घालत.

एकदा खडखड्या सापाने त्यांच्यावर झेप घेतली. दात पँटच्या कापडात अडकले आणि त्या बचावल्या. पाय मुरगळणे, डास, चिखल, ओले कपडे हे तर रोजचेच होते.

दोन वादळांनी काय केले?

ऑगस्ट १९५५ मध्ये ‘कॉनी’ आणि ‘डायान’ ही दोन चक्रीवादळे काही दिवसांच्या अंतराने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आली. पहिल्या वादळाच्या पावसाने जमीन भिजून चिंब झाली होती. दुसऱ्याचे पाणी मुरायला जागाच उरली नाही. ईशान्येकडील राज्यांत भीषण पूर आले आणि शेकडो बळी गेले.

एमा तेव्हा त्याच भागात चालत होत्या. ओढ्यांच्या नद्या झाल्या होत्या. व्हरमाँट राज्यात एका फुगलेल्या प्रवाहापाशी त्या अडकल्या. तिथे नौदलातील दोन तरुण भेटले. त्यांनी एमा यांना दोघांच्या मध्ये घेतले, दोर बांधला आणि पाण्यातून पलीकडे नेले. एकटीने ट्रेल पार करणे म्हणजे कुणाचीच मदत न घेणे, असा हट्ट एमा यांनी धरला नाही. जिथे गरज होती तिथे त्यांनी मदत मागितली. संपूर्ण प्रवासात अनोळखी लोकांनी त्यांना जेवू घातले, झोपायला जागा दिली, पुढच्या गावाची वाट दाखवली.

त्या प्रसिद्ध कशा झाल्या?

व्हर्जिनिया राज्यात एका स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराने त्यांना गाठले. बातमी छापून आली, मग वृत्तसंस्थांनी ती देशभर पोहोचवली. त्यानंतर जवळपास प्रत्येक गावाजवळ कुणी ना कुणी पत्रकार त्यांची वाट पाहत थांबू लागला. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या मासिकानेही त्यांच्यावर लिहिले. नातवंडे असलेली बाई म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना ‘ग्रँडमा गेटवूड’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

का चाललात, हा प्रश्न प्रत्येक जण विचारी. एमा यांची उत्तरे वेगवेगळी असत. कधी गंमत म्हणून, कधी टेकडीपलीकडे काय आहे ते बघायला. घरातल्या छळाबद्दल त्या पत्रकारांकडे बोलल्या नाहीत. आपण विधवा आहोत, असेच त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात माजी पती तेव्हा हयात होता. त्यांच्या आयुष्याची ही बाजू मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली ती २०१४ मध्ये, बेन मॉन्टगोमेरी या पत्रकाराच्या चरित्रग्रंथामुळे. तोवर एमा यांच्या निधनाला चार दशके उलटून गेली होती.

शेवट कसा झाला?

२५ सप्टेंबर १९५५ रोजी एमा कटाडिनच्या शिखरावर पोहोचल्या. चष्मा पुन्हा फुटलेला, पाय लंगडत. वर बोचरे वारे होते. त्यांनी नोंदवहीत सही केली आणि ‘अमेरिका द ब्युटिफुल’ या गीताचे पहिले कडवे म्हटले. ऐकायला कुणी नव्हते.

१४६ दिवसांत ३३०० किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी साडेबावीस किलोमीटर. डेटनच्या रस्त्यांवर त्या दिवसाला १६ किलोमीटरपर्यंत पोहोचल्या होत्या. उरलेली तयारी ट्रेलनेच करून घेतली. एकटीने, एका हंगामात संपूर्ण ॲपलाचियन ट्रेल पायी पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. वर्षभरापूर्वी याच डोंगराच्या पायथ्याच्या जंगलातून त्यांना परत पाठवण्यात आले होते.

त्यानंतर त्या थांबल्या का?

नाही. १९५७ मध्ये त्यांनी तीच वाट पुन्हा सलग पूर्ण केली. ही वाट दोनदा सलग चालणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद झाली. १९६४ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा, या वेळी टप्प्याटप्प्याने, ट्रेल पूर्ण केली. तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या.

मधल्या काळात, १९५९ मध्ये ओरेगन राज्याच्या शताब्दीनिमित्त त्यांनी मिसुरीतील इंडिपेंडन्स ते ओरेगनमधील पोर्टलंड असा सुमारे २००० मैलांचा जुना ओरेगन मार्ग पायी पार केला. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांचे तांडे ज्या दिशेने पश्चिमेकडे गेले, तो हा मार्ग. इथे जंगलाची सावली नव्हती, उघडा माळ आणि रणरणते ऊन होते. पोर्टलंडमध्ये लोकांनी रस्त्यावर गर्दी करून त्यांचे स्वागत केले.

ओहायोत परतल्यावर राज्याला वळसा घालणाऱ्या ‘बकाय ट्रेल’च्या उभारणीत त्या सुरुवातीपासून सहभागी झाल्या. आपल्या गॅलिया काउंटीतील वाट त्यांनी ऐंशीच्या घरात असताना स्वतः साफ केली आणि खुणा रंगवल्या. खुणा नसलेल्या वाटेवर काय हाल होतात, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार?

४ जून १९७३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ओहायोतील हॉकिंग हिल्स परिसरातील सहा मैलांच्या वाटेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. २०१२ मध्ये ॲपलाचियन ट्रेलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

त्यांच्या प्रवासाचा परिणाम काय झाला?

ट्रेलच्या दुरवस्थेवर त्यांनी पत्रकारांशी बोलताना सडेतोड टीका केली. ती देशभर छापून आली आणि या वाटेकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय पायवाटांसाठी कायदा केला आणि ॲपलाचियन ट्रेलला राष्ट्रीय निसर्गरम्य मार्गाचा दर्जा मिळाला. या कायद्यामागे अनेक संस्थांचे दीर्घ प्रयत्न होते. पण ही वाट सामान्य अमेरिकी माणसाच्या ओळखीची करण्यात एमा यांचा वाटा मोठा आहे.

कमीत कमी वजन घेऊन चालण्याची पद्धत आज जगभर लोकप्रिय आहे. त्या पद्धतीचे लोक एमा यांना आपले आद्य पूर्वज मानतात.

आजच्या ट्रेकर्सनी यातून काय घ्यावे?

एमा यांच्या सामानाची यादी जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरेल. नकाशा आणि तंबूशिवाय निघाल्यामुळे त्यांची अनेकदा वाट चुकली, अनेक रात्री थंडीत आणि पावसात गेल्या. घरच्यांना न सांगता निघणेही आज कुणी सुचवणार नाही. सह्याद्रीत असो वा हिमालयात, कुठे जातोय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून जाणे हा पहिला नियम आहे.

मात्र त्यांची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. चालण्याची तयारी चालूनच होते, म्हणून काही महिने आधीपासून अंतर वाढवत न्यायचे. अवघड टप्पा शरीराला सवय झाल्यावर येईल, अशी दिशा आणि हंगाम निवडायचा. एक वस्तू अनेक कामांना येत असेल तरच ती सोबत घ्यायची. पुढच्या गावापर्यंत पुरेल इतकेच खाणे वाहायचे. ज्या वस्तूवाचून पाऊल पुढे पडणार नाही, ती जपायची. एमा यांच्या बाबतीत ती वस्तू चष्मा होती आणि तो दोन्ही वेळा फुटला. जास्तीचा चष्मा ही त्यांच्या यादीतली कदाचित सर्वांत मोठी उणीव होती.

आणि पहिला प्रयत्न फसला तर घरी यायचे, काय चुकले ते शोधायचे आणि पुढच्या हंगामाची तयारी सुरू करायची. १९५४ मध्ये वनरक्षकांचे ऐकून एमा मागे फिरल्या, म्हणूनच १९५५ मध्ये त्या पुन्हा निघू शकल्या.